झाडीपट्टीच्या नाटकाचे मोबाईलवरील चित्रण: हक्क नेमका कोणाचा?

प्रश्न
वहीवाला (देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली)

नमस्कार. गेली अठरा वर्षे मी झाडीपट्टी रंगभूमीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यातील रंगभूमीसाठी, नाटके लिहीत आहे. घरी चार एकर धानाची शेती असल्यामुळे रोवणी आटोपेपर्यंत हातात पेन येत नाही. नाटकाची वही पोळ्याच्या आसपास उघडते आणि दिवाळीपूर्वी ती वडशाच्या (देसाईगंजच्या) निर्मात्याच्या हाती पडावी लागते, कारण तेव्हापासून होळीपर्यंत मंडई (दिवाळीनंतर गावोगाव भरणारा उत्सव), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि जत्रा यांच्या निमित्ताने रोज कुठे ना कुठे पडदा उघडतच असतो.

यंदा माझ्या नव्या नाटकाचा तिसरा प्रयोग एका गावच्या मंडईला झाला. रात्री दहाला नांदी झाली, पहाटे पाचला शेवटचा प्रवेश संपला आणि त्याच दिवशी दुपारी संपूर्ण नाटक, पाच भागांत, एका व्हिडिओ संकेतस्थळावरील स्थानिक वाहिनीवर आले. पहिल्या रांगेच्या कडेला तिपाई लावून चित्रण करणारा मुलगा मी स्वतः पाहिला होता आणि, खोटे कशाला सांगू, त्या रात्री मला त्याचे कौतुकच वाटले होते. आठवड्याभरात दोन गावांच्या आयोजक मंडळांनी निर्मात्याला फोन करून कळवले की हे नाटक आमच्याकडील पोरांनी पाहिले आहे, मारेकरी कोण हे लहान लेकरांनाही ठाऊक झाले आहे, तेव्हा दुसरे नाटक द्या. ज्या नाटकाचा सारा जीव शेवटच्या अर्ध्या तासात आहे, त्याचे असे झाले.

मी त्या मुलाला जाऊन भेटलो. तो उद्धट मुळीच नव्हता. चहा पाजून त्याने मला शांतपणे सांगितले की, काका, मी तिकीट काढून आत आलो, मोबाईल माझा, रात्रभर जागून केलेले चित्रण माझे; आणि तुम्ही तर वही निर्मात्याला विकलेली आहे, मग तुमचा संबंध काय? यातले शेवटचे वाक्य मला लागले, कारण माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. वही देताना मी एकरकमी मानधन घेतो आणि पावतीवर सही करतो. पावतीवर ‘नाटकाचे मानधन मिळाले’ यापलीकडे एक अक्षर नसते. अठरा वर्षांत दुसरा कोणताही कागद झालेला नाही.

मला जाणकारांकडून एवढेच समजून घ्यायचे आहे की या चित्रणावर हक्क त्या मुलाचा, निर्मात्याचा की माझा. आणि माझा असेल तर तो बजावण्यासाठी माझ्यासारख्या माणसाने कोणत्या दारात जावे. त्या मुलाला गजाआड पाठवण्याची माझी इच्छा नाही, हेही आधीच लिहून ठेवतो.

उत्तर १
कायदेवाचक (गडचिरोली)

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. आपल्याकडे अशी प्रकरणे न्यायालयापर्यंत क्वचितच येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या मुलाने चार दावे केले आहेत. त्यांतील पहिल्या तिघांचे उत्तर सोपे आहे. तिकिटाने बसून पाहण्याची परवानगी मिळते, उचलून नेण्याची नाही. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचे कलम १४ असे सांगते की नाट्यकृतीचा प्रयोग करणे, ती लोकांपर्यंत पोहोचवणे आणि तिच्यावरून चित्रपट तयार करणे हे सर्व हक्क त्या कृतीच्या मालकाचे आहेत. कायद्याच्या भाषेत मोबाईलवरील चित्रणही चित्रपटच ठरते. म्हणजे प्रश्न चित्रण आंतरजालावर टाकण्यापुरता नाही, संपूर्ण नाटक टिपणे हीच मुळात परवानगीची बाब आहे. स्वतःच्या खाजगी वापरासाठी एखाद्याने प्रवेश टिपला तर कलम ५२ चा आधार घेता येतो, आणि एखाद्या वार्ताहराने बातमीसोबत दोन मिनिटांचा तुकडा दाखवला तर त्यालाही त्या कलमात जागा आहे. पाच भागांतले सात तास त्यात बसत नाहीत.

‘चित्रण माझे’ हा दावा तर त्याच्याच अंगावर येतो. कलम १३ मध्ये अशी तरतूद आहे की ज्या चित्रपटाचा मोठा भाग दुसऱ्याच्या कृतीवरील हक्कभंगातून तयार झालेला असेल, त्या चित्रपटाला स्वतःचा प्रताधिकारच मिळत नाही. उद्या तिसऱ्याच माणसाने त्याचे व्हिडिओ उचलून आपल्या वाहिनीवर टाकले, तर हा मुलगा त्याला काहीही म्हणू शकणार नाही.

आता चौथा दावा. इथे मात्र तुमचा मुद्दा जितका पक्का आहे तितकाच तुमचा निष्काळजीपणाही उघडा पडतो. कृती निर्माण होताच तिचा पहिला मालक लेखक असतो. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. लेखक निर्मात्याचा पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून लिहीत असेल, तर एरवी काही ठरलेले नसल्यास मालकी निर्मात्याची होते. तुम्ही धान पिकवून, आपल्या घरी बसून, आपल्या मर्जीने लिहिता, त्यामुळे ते कलम तुम्हाला लागू होत नाही. राहिला हक्क विकण्याचा प्रश्न. कलम १९ प्रमाणे प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, आणि त्या लेखात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे नमूद असावे लागते. काळ लिहिलेला नसेल तर ते पाच वर्षांपुरते समजले जाते. तुमच्या पावतीत यांपैकी फक्त पैसे पोहोचल्याची कबुली आहे. तेव्हा माझ्या मते तुम्ही वही विकलेलीच नाही. ती रंगमंचावर सादर करण्याची मुभा तेवढी दिली आहे.

जाता जाता एक सावधगिरी. काही निर्माते आता ‘सर्व हक्कांसह’ असा छापील शिक्का पावतीवर मारू लागले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने असे संरक्षण दिले आहे की कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते स्पष्ट उल्लेखाशिवाय करारात समाविष्ट धरले जाणार नाही. परंतु यूट्यूब २००५ पासून आहे. आज ‘सर्व हक्क’ लिहून सही केलीत, तर उद्या ही सबब पुढे करता येणार नाही.

उत्तर २
निवृत्त गुरुजी (सिंदेवाही)

वकीलसाहेबांनी कायदा नीट उलगडला, त्याबद्दल वाद नाही. परंतु मी आमच्या गावच्या आयोजक मंडळात बरीच वर्षे काम केलेले आहे आणि मला या गोष्टीची दुसरी बाजू दिसते, ती मांडल्यावाचून राहवत नाही.

माझे वडील दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लोकनाट्यात, काम करीत. त्या दंडारीतली गाणी, सोंगे, संवाद यांतले आज काहीही शिल्लक नाही. त्यांची वही वाळवीने खाल्ली आणि ज्यांना पाठ होते ते एकेक करून गेले. खडी गंमत या लोकनाट्याचे तर लिहिलेले असे फारसे नव्हतेच, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचे. त्या काळी एखादा असा तिपाईवाला पोरगा गावात असता तर आज मी त्याचे पाय धरले असते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी ‘झाडीपट्टी म्हणजे काय’ हे शोधायला सुरुवात केली, आणि त्यांना जे सापडले ते अशाच पोरांनी टाकलेले तुकडे होते. कोणत्याही निर्मात्याने किंवा सरकारी खात्याने ते त्यांच्यापुढे ठेवलेले नव्हते.

दुसरे असे की, व्हिडिओमुळेच दोन गावांचे बुकिंग गेले हे लेखकभाऊंनी गृहीत धरले आहे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. गेल्या काही हंगामांपासून आमचे मंडळ नाटक ठरवते तेच मुळी मोबाईलवर तुकडा पाहून. पूर्वी वडशाला जाऊन पत्रक आणि निर्मात्याचा शब्द यांवर विसंबावे लागत असे आणि त्यात आम्ही दोनदा चांगलेच फसलो. मंडईच्या रात्री माणूस नाटकाला येतो तो शेवट कळावा म्हणूनच येतो असे नाही. घरी पाहुणे आलेले असतात, लेकीजावई आलेले असतात, मुलामुलींची बघाबघी तिथेच होते आणि थंडीत घोंगडे पांघरून शेजारी बसलेल्या माणसाबरोबर हसण्यात जी मजा आहे, ती पाच इंचांच्या काचेवर नाही. रहस्यनाट्याचे नुकसान होते, हे मान्य. सामाजिक नाटकाचे किंवा विनोदी नाटकाचे तसेच होते काय, याची मला शंका आहे.

तेव्हा पूर्ण बंदीची मागणी करण्याआधी विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर ३
रंगकर्मी (लाखांदूर)

गुरुजी आणि वकीलसाहेब, तुम्ही दोघेही वहीविषयी आणि गावाविषयी बोललात. रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहीत आहे.

मी नाटकात काम करते आणि लावणीही करते. मागील हंगामात माझ्या एका लावणीतले चाळीस सेकंद कापून, त्यावर भलताच मथळा आणि चित्र लावून, एका वाहिनीने टाकले. ज्या प्रवेशात ती लावणी आहे त्यात ती बाई आपल्या नवऱ्याच्या कर्जासाठी उभी राहिलेली आहे आणि गाणे संपताच ती रडते. तुकड्यात ते रडणे नाही. माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या शाळेतल्या मुलांनी तो तुकडा पाहिला. गुरुजी, जतनाविषयी तुम्ही जे लिहिले ते मला पटते, पण माझे जे जतन झाले ते असे झाले.

माझा प्रश्न साधा आहे. मी एक ओळही लिहिलेली नाही, एका रात्रीची नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, घेऊन मी घरी जाते. माझा या चित्रणावर काही हक्क आहे काय?

उत्तर ४
ऑर्गनवाला (नागभीड)

ताईंना आधी वकीलसाहेबांनी उत्तर द्यावे. मी मध्येच एक अप्रिय गोष्ट काढतो, कारण ती कोणीतरी काढायलाच हवी.

मी पंचवीस वर्षे झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतो आहे. एका नाटकात आठ-दहा गाणी असतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक हिंदी किंवा मराठी चित्रपटांच्या चालींवर शब्द बसवून केलेली असतात. लेखकभाऊ, तुमच्याही नाटकांना मी साथ केलेली आहे, तेव्हा रागावू नका. आम्ही दुसऱ्याची चाल उचलतो तेव्हा ती ‘लोकांना आवडणारी चाल’ असते, आणि आपला संवाद दुसऱ्याने उचलला की ती चोरी होते. हे मनाला पटवणे मला तरी जड जाते.

याचा एक व्यावहारिक परिणामही सांगतो. माझ्या भाच्याने एका निर्मात्याच्या रीतसर परवानगीने त्यांचे जुने नाटक आपल्या यूट्यूब वाहिनीवर टाकले. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. मोठ्या संगीत कंपन्या आपली गाणी तिच्याकडे नमुन्यादाखल देऊन ठेवतात आणि ती यंत्रणा नव्या व्हिडिओतले मुद्रण, काही वेळा नुसती चालसुद्धा, त्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळले की तो व्हिडिओ बंद करायचा, त्यावर नुसती नजर ठेवायची की त्याच्या जाहिरातीचे उत्पन्न आपल्याकडे घ्यायचे, हे कंपनी ठरवते. भाच्याच्या व्हिडिओवर मध्यंतरात वाजवलेल्या एका मूळ गाण्यामुळे दावा लागला आणि जी काही थोडी मिळकत होती ती तिकडे वळली. म्हणजे लेखक, निर्माता आणि वाहिनीवाला आपापसांत भांडत असताना मिळकत चौथ्याच्याच खिशात जाऊ शकते. शिवाय ती यंत्रणा मोठा साठा असणाऱ्या हक्कधारकांनाच मिळते. वडशाच्या एखाद्या रंगभूमीने मागितली तर मिळेल असे मला वाटत नाही. तंत्रज्ञान सर्वांना सारखेच आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट पाहावी.

उत्तर ५
कायदेवाचक (गडचिरोली)

ताई, तुमचा हक्क आहे, आणि तो वहीवाल्यांच्या हक्काहून वेगळा व स्वतंत्र आहे. कायद्यात ‘कलावंत’ या शब्दाची व्याख्या बरीच उदार आहे: नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरतपटू, जादूगार आणि चक्क गारुडीही त्यात नावानिशी आहेत. कलम ३८ आणि ३८अ यांनुसार तुमच्या सादरीकरणाचे मुद्रण करणे व ते लोकांपर्यंत पोहोचवणे यासाठी तुमची संमती लागते, आणि हा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षे टिकतो. २०१२ मध्ये कलम ३८ब आले. त्यानुसार सादरीकरणाची अशी मोडतोड किंवा काटछाट, की जिच्यामुळे कलावंताच्या प्रतिष्ठेला बाध येईल, ती रोखण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार कलावंताला आहे. त्याने इतर हक्क दुसऱ्याला दिलेले असले तरीही. रडणे कापून नुसते नाचणे ठेवणे हे या कलमाचे मला दिसलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तुम्ही लेखकाची किंवा निर्मात्याची वाट पाहू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांपासून मोठ्या समाजमाध्यमांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे तुमच्या स्वतःच्या नावाने तक्रार करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही लक्षात असू द्या. भंडाऱ्याला जायला अडचण असेल तर तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो.

ऑर्गनवाल्यांचे म्हणणे कटू आहे, पण खरे आहे. चित्रपटगीतात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन वेगवेगळ्या कृती असतात. शब्द तुम्ही बदलले तरी चाल संगीतकाराची किंवा त्याने ज्यांना हक्क दिले त्यांचीच राहते. शाळेच्या स्नेहसंमेलनात हौशी मंडळी फुकट प्रेक्षकांपुढे ते गाणे म्हणतात तेव्हा कलम ५२ त्यांना वाचवते; तिकीट लावलेल्या मंडपाला ते वाचवत नाही. लेखक आणि संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, परंतु चालीवर नवे शब्द बसवून ते आंतरजालावर टाकायचे असतील तर मूळ हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. कीर्तन-भजनांच्या पारंपरिक चाली मोकळ्या आहेत. मात्र जुने सगळेच मोकळे असते असे समजू नये. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार चालतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चे आहे, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांचा प्रताधिकार २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. आपल्या मंडपांत ही भजने किती सहजतेने घेतली जातात, ते आपण जाणतोच. श्रद्धेने म्हटलेले भजन आणि तिकिटाच्या नाटकात घातलेले भजन यांत कायदा फरक करतो.

परंतु यावरून ‘आपण चाल उचलली म्हणून आपला संवाद कोणीही उचलावा’ असा निष्कर्ष निघत नाही. लेखकाचा संवाद लेखकाचाच राहतो. फक्त त्याने दाद मागताना नाटकातला कोणता भाग आपला आहे हे प्रामाणिकपणे सांगावे. कथाकल्पनेवर मात्र कोणाचाच हक्क नसतो; आर. जी. आनंद या नाटककारांनी आपल्या नाटकावरून चित्रपट काढल्याचा दावा केला होता, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच सांगितले की विषय एक असला तरी मांडणीची नक्कल झाली काय हे पाहावे लागते. तुमच्या प्रकरणात मांडणी जशीच्या तशी, प्रॉम्प्टरच्या आवाजासह, उचलली गेली आहे, त्यामुळे तो वाद उद्भवत नाही.

आता दाराविषयी. कलम ६३ खाली पोलिसांत जाता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सांगितल्यापासून ते दार फार जड झाले आहे. किमान सहा महिन्यांची शिक्षा त्यात आहे. तुमची ती इच्छा नाही, हे वाचून मला बरे वाटले. दिवाणी दावा करायचा तर कलम ६२ ची एक सोय आहे: लेखक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावता येतो, संकेतस्थळाचे कार्यालय कुठेही असो. परंतु होळीला संपणाऱ्या हंगामासाठी न्यायालयाची तारीख हा उपाय नव्हे.

तुम्ही संकेतस्थळाचे नाव दिलेले नाही, म्हणून मला ठाऊक असलेली यूट्यूबची पद्धत सांगतो. तिथे हक्कभंगाचा अर्ज कोणालाही भरता येतो. त्यासाठी कंटेंट आयडी लागत नाही. अर्ज मान्य झाला की व्हिडिओ निघतो आणि वाहिनीवर एक ‘स्ट्राइक’, म्हणजे ताकीद, बसते. ९० दिवसांत अशा तीन बसल्या तर वाहिनीच बंद होऊ शकते. तुमच्या नाटकाचे भाग पाच आहेत, हे ध्यानात घ्या. त्याच अर्जात सात दिवसांची मुदत देण्याचा पर्याय असतो. त्या मुदतीत मुलाने स्वतः व्हिडिओ काढले तर त्याच्यावर काहीही बसत नाही. मी तुमच्या जागी असतो तर तोच निवडला असता.

धोरणाविषयी एक शब्द लिहून थांबतो. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड, असा खास गुन्हा झाला. नाटकाच्या मंडपाला तसले खास संरक्षण नाही. ते मिळावे अशी मागणी काही मंडळी करतील. मी करणार नाही. तीन लाखांचा दंड सोसेल असा एकही तिपाईवाला आपल्या चार जिल्ह्यांत नाही, आणि ज्या लेखकाजवळ करारच नाही त्याला कडक कायद्याचा उपयोग शून्य आहे. तो फायदा निर्मात्याच्या पदरात पडेल.

उत्तर ६
कोरचीकर (सध्या चाकण)

मी कारखान्यात रात्रपाळी करतो. चार वर्षांत एकाही मंडईला गावी येता आलेले नाही, त्यामुळे त्या पाच भागांच्या प्रेक्षकांत माझ्यासारखे बरेच असतील, हे कबूल करतो. फुकटच हवे असा आमचा हट्ट नाही. खोलीतले आम्ही सहा जण मिळून गावच्या तिकिटाइतके पैसे नक्कीच देऊ, फक्त ते कोणाला द्यायचे हे कोणीतरी सांगितले पाहिजे. आजवर वाहिनीच्या खाली कुठेही लेखकाचे नावसुद्धा मला दिसलेले नाही.

उत्तर ७
वहीवाला (देसाईगंज तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. ऑर्गनवाल्या भाऊंवर मी रागावलो नाही. उलट रात्री वही काढून बसलो आणि मोजणी केली. नऊ गाण्यांपैकी पाच उसन्या चालींची निघाली, दोन पारंपरिक, आणि दोन त्यांनीच बसवलेली, ज्यांचे श्रेय मी आजवर पत्रकावर दिलेले नाही. गुरुजींच्या शंकेवरही विचार केला. फोन आलेल्या दोन गावांपैकी एका गावच्या अध्यक्षांना मी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की शेवट कळला हे खरे, पण चित्रणात आवाज नीट येत नसल्याने नाटक पडेल वाटले हेही एक कारण होते. म्हणजे नुकसान झाले ते दोन्हीकडून झाले.

काल मी, निर्माता आणि तो मुलगा असे तिघे वडशाला बसलो. सात दिवसांच्या मुदतीचा अर्ज भरण्याची वेळच आली नाही. त्याने आमच्यासमोर चौथा आणि पाचवा भाग काढून टाकला, उरलेले तीन घरी जाऊन उतरवले. त्याच्या बोलण्यातून मला एक नवी गोष्ट कळली: परवानगी मागायची असते हे त्याला ठाऊक होते, पण ती कोणाला मागायची हे नव्हते. आयोजक मंडळाने त्याला ‘कर की चित्रण’ म्हटले, आणि त्याने तीच परवानगी समजली.

पुढचे असे ठरते आहे. हंगाम चालू असेपर्यंत कोणत्याही नाटकाचा पहिल्या अंकातला वीस मिनिटांपर्यंतचा एकच तुकडा टाकायचा, तोही निर्मात्याने पाहून दिल्यावर. गुरुजींच्या मंडळासारख्यांना नाटक निवडायला तेवढा पुरावा. होळीनंतर पूर्ण नाटक त्याच मुलाने चांगल्या ध्वनियंत्रणेसह पुन्हा चित्रित करायचे, उसन्या चालींची पाच गाणी वगळून किंवा नव्याने बसवून. उत्पन्नाची वाटणी लेखी करायची. निर्माता वाटणीला लगेच तयार झाला नाही. मानधन एकदा दिले म्हणजे संपले असे तो वारंवार म्हणत राहिला आणि मला कलम १९ वाचून दाखवावे लागले. अजून पूर्ण पटलेले नाही. मात्र लाखांदूरच्या ताईंनी जे लिहिले ते त्याने वाचले तेव्हा तो गप्प झाला, आणि कलावंताच्या संमतीशिवाय लावणीचा तुकडा वेगळा काढायचा नाही ही अट त्यानेच सुचवली.

वकीलसाहेब, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुन्या सतरा वर्षांच्या वह्यांचे काय करावे? आणि नोंदणी करावी काय?

उत्तर ८
कायदेवाचक (गडचिरोली)

नोंदणी सक्तीची नाही, परंतु करा. नाट्यकृतीचे शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी किमान ३० दिवस थांबावे लागते. वाद झाल्यास नोंदवहीतील उतारा हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. सगळ्याच वह्या एकदम नोंदवण्याची गरज नाही. ज्यांचे प्रयोग अजून होतात त्या आधी घ्या.

जुन्या वह्यांसाठी निर्मात्यांना साधे पत्र लिहा की रंगमंचीय प्रयोगाखेरीज इतर कोणताही हक्क आपण दिलेला नाही, आणि पत्राची पोच घ्या. नवा करार योग्य मुद्रांकावर करा. त्यात ‘सर्व हक्क’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. रंगमंच, ध्वनिमुद्रण, चित्रण आणि आंतरजाल ही चार नावे वेगवेगळी लिहून प्रत्येकापुढे मुदत आणि रक्कम लिहा. निर्माता वाटणीला तयार नसेल तर आंतरजालाची ओळ कोरी ठेवू नका, तिथे ‘लेखकाकडे राखीव’ असे लिहा.

उत्तर ९
ऑर्गनवाला (नागभीड)

त्या दोन चालींचे स्वरलेखन मी उद्या पाठवतो. करारात माझे नाव घालाल तेव्हा तबलजीचेही घाला. दुसऱ्या गाण्यातला ठेका त्याचा आहे.